वाळूखालचा विस्तव

रुखमा गेडाम चिमूर तालुक्यातल्या जंगलालगतच्या एका गावची. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायची, मार्चात मोहफुलं वेचायची. फुलं पटकन दिसावीत म्हणून बरेच जण झाडाखालचा पाला जाळत. रुखमा खराट्याने झाडायची. एका उन्हाळ्यात शेजारच्या गावचं जंगल जळताना तिने पाहिलं होतं.

मार्चातल्या एका सकाळी भावजय रंजीता आणि शेजारीण वच्छलाबाई तिच्यासोबत होत्या. चहासाठी रुखमाने नाल्याकाठी खड्डा खणला, भोवतीचा पाला चार हात दूर लोटला आणि लहानशी चूल पेटवली. चहा झाल्यावर टोपली उचलून ती पुढे निघाली. "इझवून ये," एवढंच रंजीताला म्हणाली. रंजीताने सोबतचं पाणी प्यायला राखलं, नाल्यात उतरायचा कंटाळा केला आणि चुलीवर नुसती वाळू लोटली.

दहाच्या सुमारास वारा सुटला. वरची वाळू उडाली, खालचा विस्तव उघडा पडला आणि ठिणग्या पाल्यात उडाल्या. रुखमाला धुराचा वास आला, तोवर बांबूचं बेट पेटलं होतं.

रंजीता फांदी मोडून आगीकडे धावली. रुखमाने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"वारा आपल्याकडं येऊन राह्यला. आगीले भिडाचं नाई, तिच्यासमोरचा पाला काढाचा. खराटा घे."

नाल्यापासून बैलबंडीच्या वाटेपर्यंत तिघी झाडत सुटल्या. मागे माती उघडी पडत होती, समोर बांबू फटाफट फुटत होते. वच्छलाबाई खोकत खाली बसली.

"माह्यानं होत नाई, बाई."

"बसू नोको. नाल्यात उतर, लुगडं भिजवून ये."

शेवटची दहा पावलं राहिली, तेव्हा धुरात एकमेकी दिसेनात. आग झाडलेल्या पट्ट्याशी आली आणि अडली. एक ठिणगी अलीकडे पडली. रुखमाने ती पळसाच्या हिरव्या फांदीने झोडपून विझवली, तळहात भाजला. मग धगधगत्या राखेवर त्यांनी नाल्याचं पाणी ओतलं, काडीने ढवळलं, पुन्हा ओतलं.

दुपारी वनरक्षक आला. "चूल कोणाची?"

रंजीता वच्छलाबाईच्या मागे सरली.

"माही होती, साहेब," रुखमा म्हणाली. "राख थंडी झाली का नाई, ते मी हात लावून पाह्यलं नाई."

दुसऱ्या दिवशी रंजीता एकटीच वनविभागाच्या नाक्यावर गेली. वाळू आपण टाकली, असं तिने सांगितलं. दोघींना समज देऊन सोडलं.

बांबूसोबत मोहाचं एक झाडही जळालं होतं; वच्छलाबाई ज्याखाली वेचायची, तेच ते. पुढच्या हंगामात तिघींनी उरलेल्या झाडांखाली मिळून वेचलं आणि फुलांचे तीन सारखे वाटे केले.