दसऱ्याच्या पाटावर पेनड्राइव्ह

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या भाऊनं कॉम्प्युटर पुसून टाकला, कपड्यानं नाई, आतून, अन् अजून आठवलं का माह्यं डोस्कं तापते. आर्वीले डेपोजवळ त्याचं फॉर्म भरून द्याचं दुकान हाये, मी तिथं दोन वर्सापासून कामाले हावो. पूजेले मशीन नवी पाह्यजे म्हून त्यानं वर्ध्याच्या मेकॅनिकले बोलावलं अन् लिनक्स, म्हंजे मशीन चालवाची सिस्टिम, आदीचीच पन कोरी, नव्यानं टाकून घेतली. मले इचारलं नाई. पोरीले ताप होता म्हून मी घरी होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली तं दारात बायामानसाची रांग, अन् प्रिंटर चालत नाई, आंगठ्याची मशीन चालत नाई, मराठी उमटत नाई. हे सगळं बसवाले मले अन् गुरुजीले तीन महिने लागलते. गुरुजी म्हंजे पवनारचे रिटायर मास्तर, त्याईनंच मले शिकवलं. आता ते लेकीकडं दूर राह्यतात, फोन लावला तं कोनी उचलला नाई.

भाऊ म्हने, "दुपारपर्यंत चालू कर ताई, नाई तं उद्यापासून घरीच पोळ्या लाट."

म्हंजे मोडलं त्यानं अन् जाईन मी. घरात महिन्याचं पक्कं काम एकट्या माह्यंच, अन् दहावी नापास बाईले दुसरं कोन ठेवते. भेव अन् राग दोनी एकदमच आले.

एकच आसरा होता. गुरुजीनं सांगतलं होतं का कॉम्प्युटरच्या सगळ्या सेटिंगा ईटीसी नावाच्या फोल्डरात राह्यतात, दर शनिवारी त्याचं गाठोडं बांधून, म्हंजे सगळ्याईची एकच फाइल करून, पेनड्राइव्हमंधी ठेवजो. नुसतं कॉपी करू नोको, नाई तं कोनती फाइल कोनाची हे इसरून जाते. मी एकई शनिवार चुकवला नाई. भाऊ हासे, म्हने, "झालं का ताईचं मारुतीले तेल वाहून?"

पेनड्राइव्ह घरी होता. ऑटो धरून पयत घरी गेली. पाह्यते तं देवापुढच्या पाटावर विळा, कुदळ, नवऱ्याचे नटबोल्टाचे पाने, अन् त्याईच्या मंधात माहा पेनड्राइव्ह. टोपन केव्हाच हरपलं होतं, त्याच्या उघड्या तोंडात हळदकुकू ओलं करून भरलं होतं, वरतून अक्षता. काल मी पोरीजवळ बसली असतानी सासूनं पूजा केलती.

"आत्याबाई, काऊन हात लावला माह्या वस्तूले? माह्यं काम जाते आता, समजते का तुमाले?" मी एवढी वरडली का पोरगी रडाले लागली.

सासू म्हने, "सगळ्याईच्या औताची, कामाच्या वस्तूची पूजा केली व, तुह्यंच काऊन सोडू? तू त्याच्यावरच तं खाऊ घालतं आमाले."

आता याच्यावर काय भांडाव? राग गेला नाई, पन त्याले जागाच उरली नाई. मी काडीले कापूस गुंडाळून त्याचं तोंड कोरलं, एक तांदूळ आतून निंगाला, अन् पोरीले सासूजवळ देऊन परत पयाली.

दुकानात लावला तं काईच दिसे ना. भाऊ डोक्यावर उभा. काढला, अजून कोरला, पुन्ना लावला. दिसला. गुरुजी म्हनत, सगळं गाठोडं नव्या घरात ओतू नोको, लागन तेवढंच काढ. गुरुजीनं सांगतलेलं मी वहीत लिहून ठेवलं होतं, ते पाहून पाहून प्रिंटरचं, आंगठ्याचं अन् कीबोर्डचं तेवढं काढलं, ज्याचं त्याच्या जागी ठेवलं, अन् मशीन बंद करून चालू केली. आंगठ्याच्या मशीनचा लाइट लागला. प्रिंटरनं कागद ओढला.

भाऊ रांगेकडं पाहून म्हने, "पाह्यलं? मशीनले सगळं ध्यानात राह्यते."

"मशीनले नाई भाऊ, मी ठेवलं होतं," मी म्हनलं. आवाज चढलाच. "पुढं मशीन कोनाच्या हाती द्याची असन तं आदी मले इचारजा. नाई तं मीच येत नाई."

भाऊनं मान खाजवली. "बरं. पन तो पेनड्राइव्ह दुकानात ठेव."

"हा माह्याजवळच राहीन. दुकानासाठी दुसरा आना, त्याच्यातई बांधून देईन."

तो चपला घालून दुसरा पेनड्राइव्ह आनाले समोरच्या दुकानाकडं गेला. मी पयल्या बाईले म्हनलं, ठेवा मावशी आंगठा.