निळा लाईट आणि जाऊबाईंची मान

मंडळी, आज दुपारी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात जाऊन आले, आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या महिला मंडळाच्या हॉलला लागून दवाखाना आहे, स्पीकर लावता येत नाही. म्हणून यंदा सायलेंट डिस्को. प्रत्येकीला वायरलेस हेडफोन, गाणं फक्त कानात, आणि सगळ्यांनी मिळून नाचायचं. चाळीस हेडफोन भाड्याने ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

दुकानदाराने एक माझ्या कानाला लावला. आवाज उत्तम, माझी मानही डोलू लागली. इतका उत्तम, की मला संशय आला. दाखवायला हा एकच चांगला ठेवला असेल तर? मी खोक्यातून स्वतः दुसरा काढला आणि सोबत आलेल्या जाऊबाईंना दिला.

"लाईट लागला म्हणजे चालू, अक्का," दुकानदार म्हणाला. निळा लाईट लागला. जाऊबाई हसत मान डोलवू लागल्या.

"बघा, आता तरी पटलं?"

नाही पटलं. मी माझा हेडफोन काढून जाऊबाईंचा लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

"मग तुम्ही डोलत कशाला होतात?"

"तू डोलत होतीस, म्हणून मीही," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "उगाच त्याला वाईट वाटायला नको."

आता चाळीसच्या चाळीस हेडफोन मी स्वतःच्या कानाला लावून बघणार आहे. पण गेली अठरा वर्षं मी बोलते आणि जाऊबाई मान डोलावतात, त्याचं काय?

तुमच्या घरी कधी तपासून पाहिलंय?