दवाई काय काय चालू आहे?

आमच्या मंगला गौरीच्या गल्लीतल्या भुलीच्या डॉक्टरांइतका संशयी माणूस अख्ख्या काशीत दुसरा नसेल. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो आणि ते समोरून येताना दिसले की वाट बदलायचो. कारण नमस्कार करायच्या आधीच त्यांचा प्रश्न यायचा, "दवाई काय काय चालू आहे?" ऑपरेशन असो नसो! एकदा बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाला अडवून त्यांनी हेच विचारलं आणि बिचाऱ्याने अख्ख्या वऱ्हाडासमोर मूळव्याधीचं मलम कबूल केलं. ऑपरेशन असलंच, तर घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला लावायचे आणि पिशवी खाटेवर उपडी करायचे. सासूबाईंचं हिंगाष्टकसुद्धा त्यांच्या तपासणीतून सुटायचं नाही. कोणी चिडलं की म्हणायचे, "झोपवायला काय, कोणीही झोपवेल. ज्याचा श्वास त्याला परत करायचा असतो, भैया."

माझी धाकटी बहीण सुधा, तिचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा पिशवी भरायला वेळच नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यात काकांनी मला तीनदा विचारलं, "सुई वगैरे काही चालू आहे? खरं बोल हां." चालू होती. क्षयाची, चार महिने, रोज. गल्लीत कळू नये म्हणून ती पार रामनगरला जाऊन घ्यायची. पण शेजारी तिची होणारी सासू उभी होती. मी म्हणालो, "छे हो काका, काही नाही!" तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशन नीट झालं, पण सुधा श्वासच घेईना. काका हाताने फुगा दाबून तिला श्वास देत होते. मी दारातूनच रडत रडत सगळं सांगून टाकलं, तिच्या होणाऱ्या सासूबाई ऐकत होत्या तरी. वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते फक्त इतकंच म्हणाले, "स्नायू ढिले करायला मी जे दिलं, त्याचा जोर त्या सुयांनी वाढवलाय. उतारा दिलाय, पण पुरत नाही. आता वाट बघायची. जा, बाहेर बस." किती वेळ, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी बाहेर बसलो नाही. पळालो. मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर जाऊन चिता बघत बसलो, भित्रा कुठला. तीन तासांनी परतलो तेव्हा सुधा स्वतःचा श्वास घेत होती आणि काकांची आखडलेली बोटं काही केल्या सरळ होत नव्हती. लग्न अर्थातच मोडलं.

काका गेल्या वर्षी गेले. त्या दिवशी सुधा फार रडली. म्हणाली, "दादा, मला मधूनमधून जाग यायची रे. पापणीसुद्धा हलत नव्हती. वाटायचं, मेलेच मी. पण काका कानाशी सारखे सांगत होते, 'सुधे, घाबरू नकोस, तुझा भाऊ दारातच उभा आहे, हलायला तयार नाही.' त्यावरच तगले मी."

जन्मभर लोकांकडून खरं वदवून घेणारा तो माणूस! मी सुधाला अजून काही सांगितलेलं नाही.