७३९३९१३३ चा जप करणाऱ्यांसाठी

परवापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून इथेच लिहून टाकते.

आमच्या ब्रह्मा घाटच्या मराठी मंडळात मुलांच्या तक्त्यांचं प्रदर्शन होतं. माझ्या आठवीतल्या ईशाने एकच संख्या मांडली होती... ७३९३९१३३.

ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. शेवटचा आकडा खोडा, उरते तीही मूळच. असं खोडत खोडत पार सातापर्यंत या... दर वेळी मूळच. आणि असं होणारी याहून मोठी संख्याच नाही.

पुस्तकात वाचून पोरीचा विश्वास बसेना. सगळी सुट्टी ती भागाकार करत बसली, लहान संख्या हाताने आणि मोठ्या कॅल्क्युलेटरवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅमिली ग्रुपवर तिच्याच तक्त्याचा फोटो! कोपऱ्यातलं नाव कापलेलं. वर लिहिलेलं, 'ऋषींना ज्ञात वैदिक संख्या, रोज १०८ वेळा जप करा, घरात बरकत येईल.'

पाठवणारे कोण, तर माझे सख्खे दीर. बँकेत ऑफिसर, शिकलेसवरलेले. फोन केला तर म्हणतात, "वहिनी, इसमें बुरा क्या है? आपल्या संस्कृतीचाच प्रचार होतो ना."

नुसता संताप झाला. त्यात संध्याकाळी शेजारच्या काकू ईशालाच विचारायला आल्या, जप आंघोळीआधी करायचा की नंतर... पोरगी आत जाऊन रडली. "मग मी काय केलं, आई?" म्हणाली.

उत्तर दिलं ते रामघाटावरच्या आप्पांनी. माझे चुलत सासरे, जन्मभर वेद म्हणत आणि शिकवत आलेले. टाइप करता येत नाही, म्हणून त्यांनी ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

"अख्खी संहिता मुखोद्गत आहे मला. ही संख्या तिच्यात नाही. असेल तर मंत्र म्हणून दाखवा. वेदाच्या नावावर खोटं खपवू नका. मेहनत ईशाची आहे."

दिरांनी गुपचूप मेसेज डिलीट केला... माफी मात्र नाही.

मग आप्पांनी ईशाला बोलावून सगळं समजून घेतलं. त्यांच्या पाठात एक अक्षर गळलं तरी पाठ चुकतो, आणि हिची संख्या इतकं गळूनही खरीच राहते, याचं त्यांना फार नवल वाटलं. मागूनच गळायला हवं, असं ईशाने बजावलं. पुढून काढत गेलं तर शेवटी शेवटी तेहतीस उरतात, आणि तिथे तीनने भाग जातो. आप्पा, तुमचे उपकार कसे फेडू...

तो फोटो अजून किती ग्रुपांत फिरतोय कोण जाणे. माझा राग गेलेला नाही, आणि जाऊही नये.

काल ईशाने तक्ता नव्याने काढला. या वेळी नाव कोपऱ्यात नाही. आकड्यांच्या मधोमध, लाल स्केचपेनने, मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

आता कापा म्हणावं.