जपानचा चार्जर

जपानहून रत्नागिरीला परत येऊन चार दिवस झाले होते, तरी माझी झोप अजून जागेवर नव्हती. घरी मी सुट्टी घेऊन आलेय असं सांगितलं होतं. खरं म्हणजे तिकडची नोकरी गेली होती, आणि त्या दिवशी अडीच वाजता लॅपटॉपवर दुसऱ्या नोकरीची मुलाखत होती. बॅटरी अकरा टक्के.

जेवण झाल्यावर मी चार्जर काढला, तो बाबांनी माझ्या हातातून घेतला. ते बरीच वर्षं बोटीवर होते. मी लहान असताना त्यांनी जपानहून भाताचा कुकर आणला, कौतुकाने लावला आणि भात शिजायच्या आधी तोच जळला. तिथली वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशे तीस. तेव्हापासून आमच्याकडे बाहेरची वस्तू बाबांना विचारल्याशिवाय कोणी लावत नाही.

"बाबा, आपल्या भोकांत बसणारी पिन आणलीय मी."

"पिन भोकं बदलते गो. व्होल्ट नाही बदलत."

"त्यावर लिहिलंय, शंभर ते दोनशे चाळीस. दोन्हीकडे चालतो."

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चार्जर डोळ्यांजवळ धरला. "शंभर दिसतंय मला."

"पुढचं वाचा ना."

"चार वाजता दुकानं उघडली की वायरमनला दाखवून आणतो. तोवर काय बिघडतंय? सुट्टीवर आहेस ना?"

भांडायला मला कुठल्याच भाषेत जमत नाही. "ऑफिसची मीटिंग आहे," एवढंच म्हणाले आणि घड्याळ बघत बसले.

सव्वादोनला ते कबूल झाले. पण ते शेजारी बसणार, चार्जरवर हात ठेवून. तापला की बटण बंद.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच प्रश्नाला विचारलं: आधीची नोकरी का सोडलीत? इंग्रजीत. त्याचं गोड उत्तर मी तयार करून ठेवलं होतं, पण इतकी दमले होते की ते आठवेचना. मी सोडली नाही, आमची सगळी टीमच काढून टाकली, असं सांगून मोकळी झाले. बाबांचं इंग्रजी बोटीवरचं, मोडकंतोडकं, पण एवढं कळण्याइतकं पक्कं. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. कडेला त्यांचा हात दिसत होता. तो हलला नाही.

पुढची पंचवीस मिनिटं मी काय बोलले ते नीट आठवत नाही. कळवू, असं बाई म्हणाल्या. लॅपटॉप मिटल्यावर बाबांनी बटण बंद केलं.

"कोमट आहे," ते म्हणाले. "चालेल."

मग उठता उठता, "आईला तू सांग. मी नाही सांगणार."

आई मागीलदारी बांगडे साफ करत होती. मी चार्जर गुंडाळून ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.