वाकळेच्या बॅगा

माझ्या आईच्या वाकळेचा जो काही भाग आज माझ्याकडे आहे, तो एका बाईमुळे आहे. ती माझ्या नात्यातली नाही, गावची नाही, जातीतली नाही. साकीनाक्याच्या ज्या गाळ्यात मी बॅगा शिवायचो, तिथे ती तयार मालाचे लोंबते धागे कापायला यायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता. आधी गिरणी गेली, मग नवरा गेला. मुलुंडला लेकीच्या घरी राहायची आणि बस बदलत बदलत अंधेरीला यायची. काय झालं ते सांगतोच, पण तिचं आधी सांगितलं पाहिजे. त्या दिवशी गाळा माणसांनी भरलेला होता आणि तोंड उघडलं ते तिने एकटीने, जिला शेठ कधीही उद्या येऊ नका म्हणू शकत होता.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे काय, बाप वारल्यावर एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी गेलो नाही, आणि कुणी विचारायला आलं नाही. गावातल्या शिंप्याकडे काजं-बटणं करता करता मशीन शिकलो. विशी उलटल्यावर मुंबईला आलो. गावच्या एकाने या गाळ्यात चिकटवून दिलं. शेठने पोटमाळ्यावर झोपायची मुभा दिली. त्या मुभेचे मला इतके उपकार वाटायचे की शेठ गाळ्यात शिरला की मी काम करत असलो तरी आणखी जोरात करायचो. काम गेलं तर जागाही जाईल ही धास्ती जेवतानासुद्धा असायची. आणि खरं सांगायचं तर त्या माणसाचे उपकार मला अजूनही थोडेफार वाटतात. याचाच जास्त राग येतो.

आमचं काम कातरणीचं. बुटीकवाल्यांकडे, मोठ्या शिलाईच्या कारखान्यांत कापड बेतल्यावर जे तुकडे उरतात, ते गोण्या भरून आणायचे. रंग बघून निवडायचे, एकाला एक जोडून मोठी चादर करायची, खाली पातळ फोम आणि अस्तर घालायचं आणि मशीनने उभ्या-आडव्या टिपा मारायच्या. अशा चादरींची थप्पी कटिंगच्या टेबलावर लागायची. मग मास्टर त्यांच्यावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून बॅगेचे भाग कापायचा, आम्ही चेन, पट्टा, अस्तर लावायचो. वांद्र्याच्या एका दुकानाच्या मॅडम सगळा माल उचलायच्या. दुकानात त्या बॅगेला काय म्हणायचे देव जाणे, आमच्यात तिला चिंधीबॅग म्हणायचे.

येताना आईने मला एक वाकळ दिली होती. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. तिच्या पोटात आजीची जुनी लुगडी होती. वरून बापाचा निळ्या चौकड्यांचा शर्ट, बहिणीचा फ्रॉक, माझी शाळेची खाकी चड्डी. आई वाकळेवरच बसून ती शिवायची. कडेपासून टाका सुरू करायचा आणि गोल गोल फिरत मधोमध यायचं. दोऱ्याला दोरा गाठत जायची, तोडायची नाही. एकदा टाका पडला की त्या वाकळेला कात्री लागत नाही, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ते तसंच असतं. विरली तर तिच्यावर नवं लुगडं चढवायचं. अगदीच गेली तर दुसऱ्या वाकळेच्या पोटात घालायची. कापायची नाही.

एकदा मॅडम माल बघायला आल्या तेव्हा माझी वाकळ पोटमाळ्याच्या कठड्यावर वाळत होती. त्या खाली उभ्या राहून बघतच बसल्या.

"अहो, ते काय आहे वर?"

"ते पोराचं अंथरूण आहे मॅडम," शेठ म्हणाला. "काढ रे ते, दिसतंय."

"नको नको, काढू नका. मला हाच लूक पाहिजे. तुमच्या बॅगांवर टिपा कशा पट्टीने मारल्यासारख्या असतात. हे बघा, कसं हाताचं वाटतं!"

मला बरं वाटलं. आईची कुणीतरी मुंबईत तारीफ केली म्हणून मी वरूनच दात काढून हसलो.

मॅडम गेल्यावर शेठ म्हणाला, "दोन दिवस खाली आणून ठेव रे. कारागीर बघतील, तसं शिवतील. पळून नाही जात तुझी गादी."

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. वाकळ झटकली, नीट घडी घातली आणि कटिंगच्या टेबलावर, चादरींच्या थप्पीवर ठेवली. गाळ्यात तेवढीच एक स्वच्छ जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठने मला पवईला कातरण आणायला पाठवलं. गोण्या घेऊन परत आलो तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायची होती. मास्टरच्या टेबलावर बापाचा शर्ट दिसला. म्हणजे शर्टाचा तुकडा. बॅगेच्या आकाराचा.

वाकळ अर्धी कापून झाली होती.

"मास्टर, ये मेरा है," मी म्हणालो.

"क्या तेरा है?" मास्टरच्या हातात कात्री तशीच. "थप्पी पे रखा था तो काटा. रोज जो रखा रहता है वही काटता हूँ ना?"

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या घरी टाका घालून झाला की वस्तू पुरी झाली. या गाळ्यात टाका घालून झाला की ती कापायला तयार झाली. मास्टरने आयुष्यभर शिवलेलंच कापलं होतं. त्याला थप्पीवरची एक चादर जरा जाड लागली, एवढंच. माझं ऐकून त्याने कात्री खाली ठेवली आणि कानाला हात लावला. पण शेठ आला.

शेठने तुकडे उचलून बघितले आणि हसला. "अरे, वाट लागली की तुझ्या गादीची! जाऊ दे, माझ्याकडून नवी चादर घे. चांगली, फुलाफुलांची." मग एक तुकडा लांब धरून डोळे बारीक केले. "पण दिसतंय भारी, काय मास्टर? कापलंच आहे तर आता चेन लावून टाका. मॅडम संध्याकाळी येणारेत, खूश होतील."

आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच लाव. जाड आहे, दुसऱ्याच्या हातून सुई मोडेल."

मी मशीनवर बसलो. नाही म्हटलं तर जायचं कुठे, हा हिशेब डोक्यात इतका पक्का बसलेला होता की पाय आपोआप चालले. सुईखाली आधी फ्रॉक आला, मग चौकडीचा शर्ट. आईच्या टाक्यांवरून मशीनची टीप गेली. आईचा टाका हातभर लांबून ओळखू येतो, जरा वाकडा, उजवीकडे झुकलेला. मशीनच्या टिपेखाली तो दिसेनासा झाला.

शेजारच्या मशीनवरचा पोरगा म्हणाला, "काय यार, गादीची बॅग झकास दिसते! आता तुझे ढेकूणपण वांद्र्याला राहणार."

सगळे हसले. मीही हसलो.

त्या बॅगा धागे कापायला मावशीच्या टेबलावर गेल्या. तिने एक लोंबता धागा धरून ओढला, तो येतच राहिला. अखंड दोऱ्याची शिवण, मध्येच कापलेली, ती उसवणारच. तिने आणखी ओढला, मग थांबली आणि बॅग उलटीसुलटी करून पाहिली.

"अरे झिला, ह्यो धागो खंय संपता?" मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "ही तुझी वरची गोधडी मां?"

मी मान हलवली.

"आवशीन शिवलेली?"

"हो, आईने."

"मगे तू हसतंस कित्याक?"

का हसतोस हे विचारून तिने उत्तराची वाट पाहिली नाही. उठली, मास्टरच्या टेबलावरून न कापलेला अर्धा भाग ओढला, शिवायचे राहिलेले तुकडे गोळा केले, झाडून गोणीत टाकलेल्या पट्ट्यासुद्धा वाकून वाकून वेचल्या. सगळं आपल्या स्टुलावर ठेवलं आणि त्याच्यावर बसली.

"मावशी, काय नाटक आहे?" शेठ ओरडला. "उठा. माल जायचाय."

"मी उठूचंय नाय. पोराचा पांघरूण कापलात ता कापलात, वर शिवूक त्येकाच बसयलात. तुमका पोरा नाय काय?"

"मी त्याला नवीन चादर देतोय ना!"

"ती तुमीच घेवा पांघरून."

कुणीतरी फिसकन हसलं आणि शेठचा चेहरा बदलला. मी घाबरलो. "शेठ, राहू द्या, मला काही नको," असं म्हणत उठलो, तर मावशीने मलाच दटावलं. "तू गप ऱ्हव. तुका झोपाक हयच आसा. माका लेकीचा घर आसा. माका बोलांदे."

तेवढ्यात मॅडम आल्या. मावशीने त्यांना सगळं सांगितलं, आपल्याच भाषेत, बसल्या जागेवरून. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे खरंच भरून आले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या आईने केलंय हे? किती सुंदर स्टोरी आहे रे!" आणि पर्समधून फोन काढला. "एक मिनिट ही बॅग धरून उभा राहशील?"

"बाय गे," मावशी म्हणाली, "गोष्ट नको. त्येचा पांघरूण परत दी."

मॅडमनी फोन खाली केला. जरा विचार केला. "झालेल्या बॅगा मी एका कस्टमरला कबूल केल्यात हो. पण उरलेलं ठेवू दे ना त्याला. माझी काही हरकत नाही."

त्यांची हरकत नव्हती! माझ्या आईची वाकळ मी ठेवायला वांद्र्याच्या बाईची हरकत नव्हती, आणि मी काय म्हणालो? मी "थँक यू मॅडम" म्हणालो.

झालेल्या बॅगा गेल्या. बापाचा शर्ट जवळजवळ सगळा त्यांच्याबरोबर गेला. मॅडमची गाडी निघून गेल्यावर शेठ अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

"बरा," ती म्हणाली.

लगेच उठली नाही. सुईत दोरा ओवला आणि राहिलेल्या एकेका तुकड्याच्या कडेने टाके घालत बसली, म्हणजे पुढे उसवायला नको. मशीनं चालू होती, कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. काम झाल्यावर तुकडे माझ्या हातात दिले, डबा पिशवीत टाकला आणि गेली. तिच्या मागे बस-स्टॉपपर्यंत जावं असं फार वाटलं. शेठ दारातच उभा होता. दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलावर दुसरी बाई बसलेली होती आणि मी तिच्यासमोर मशीन चालवत होतो.

पुढे काही दिवसांनी शेजारच्या मशीनवरच्या त्याच पोराने मोबाइलवर मला व्हिडिओ दाखवला. एक गोरी, हसरी मुलगी, खांद्यावर बॅग, बॅगेवर निळ्या चौकड्या. खाली लिहिलं होतं, टाकाऊतून टिकाऊ, एका आईच्या मायेची ऊब. पुष्कळ लोकांनी लाल बदाम टाकले होते. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. टाकाऊ! ते अंथरूण मी रोज अंगावर घेत होतो. ती बॅग शिवली तेव्हा त्याला माझ्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता.

गावाकडून आईचा फोन येतो तेव्हा ती हमखास विचारते, "वाकळ उन्हात टाकतोस ना रे? आतलं लुगडं ओल धरतं."

"टाकतो, माय," मी म्हणतो.

आता तो गाळा सोडून मला बराच काळ झाला. घाटकोपरला दुसऱ्याच्या कारखान्यात आहे, काम तेच, कातरणीच्या बॅगा. चौघांत एक खोली आहे, म्हणजे झोपायला शेठ लागत नाही. राहिलेले तुकडे माझ्या ट्रंकेत आहेत. ते जोडून घ्यावेत असं अनेकदा मनात येतं, पण आईने जिथे टाका सोडला तिथून माझा धरायला हात धजत नाही.

मावशीला साकीनाक्यात पुन्हा काम मिळालं नाही. भांडणारी बाई म्हणून तिचं नाव झालं, आणि त्या गल्लीत शेठ लोक एकमेकांना विचारूनच माणूस ठेवतात. आता मुलुंडला एका बिल्डिंगमध्ये ती भांडी घासते. सुट्टीला कधी गेलो तर दारातूनच म्हणते, "इलंस? बस. चाय ठेवतंय." कप देताना तिची बोटं दिसतात, साबणाने सोललेली, नखांच्या कडा पांढऱ्याफटक. जिने इतकी वर्षं हातात कात्री धरली ती बाई या वयात दुसऱ्यांच्या कढया खरवडते.

एकदा म्हणालो, "मावशी, माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळे कित्याक? माका बोलाक आवडता," ती म्हणाली आणि खोकत हसली.

तिला त्यात काही वाटत नसेल. मला वाटतं. दुसऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सोडवायला ती आपल्याच पोटावर पाय देऊन बसली, आणि ज्यांनी कापलं त्यांचं काही बिघडलं नाही. ते दुकान चालू आहे, गाळा चालू आहे.

मावशी, तुला वाचता येतं म्हणून हे लिहून ठेवतो. तोंडावर सांगितलं तर तू थट्टेवर नेशील. मी एक दिवस स्वतःचं मशीन घेईन, भाड्याची का होईना जागा घेईन, आणि त्या दिवशी मुलुंडला येऊन तुला ती भांडी सोडायला लावीन. धागे कापायलाही बोलावणार नाही. महिन्याच्या महिन्याला जे त्या घरांतून येतं, ते माझ्याकडून येईल. कधी जमेल, मला सांगता येत नाही. उशीर होईल की काय, याची धास्ती वाटते. पण तुझं हे मी फेडीन, मावशी. तोवर तू तब्येतीला जप.