पहिला चमचा कुणाचा

नाजू शहराच्या बाजारातल्या ओकबुनआजीच्या खानावळीत एक माणूस एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला गोमथांग, म्हणजे भात घातलेलं गोमांसाचं सूप, ओरपायला यायचा. मा गिलसांग, शहरबसचा ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावरही यायचं काही सुटलं नाही, फक्त सहाचे सात झाले. बायको गेली तेव्हा लेक उन्सोल दुसरीत होती. गिलसांगच्या हातचं अन्न त्याला स्वतःलाच जात नसे, मग पोरीला कुठून जाणार? बापलेक इथंच भात-सूप खायचे; मग एक शाळेत जायची, दुसरा डेपोत.

त्यामुळे उन्सोलच्या लग्नासाठी दोन्ही घरांची पहिली बैठक ठरली तेव्हा गिलसांगनं जागा आधीच ठरवून टाकली होती.

"बाबा, लोक ग्वांगजूच्या हॉटेलात बंद खोली घेतात! माझे होणारे सासरे मुख्याध्यापक होते. त्यांना बाकड्यावर बसवणार तुम्ही?"

"बंद खोलीत हात कुठं ठेवायचे तेच मला कळत नाही."

"काही वेडंवाकडं झालं आणि त्यांनी नकार दिला, तर जन्मात तुमच्याशी बोलणार नाही मी."

लेक हट्टी, तर बाप सवाई हट्टी. रविवारी दुपारी निवृत्त मुख्याध्यापक बान फिलग्यू कोट-टाय घालून, बायको आणि नवरामुलगा सूहान यांच्यासह त्याच बाकड्यावर येऊन टेकले. गिलसांगनंही टाय बांधला होता, पण तो गळफासासारखा बसला होता. त्याला उगाचच हसू येत होतं.

भल्यामोठ्या काहिलीपाशी चौऱ्याऐंशी वर्षांची ओकबुनआजी उभी होती. भाताच्या वाडग्यात ओगराळ्यानं उकळतं सूप ओतायचं, परत काहिलीत निथळायचं, पुन्हा ओतायचं. असं पाच-सहा वेळा केलं की भाताचं शीत न् शीत गरम होतं आणि सूप मात्र जीभ न भाजता पिता येतं. म्हणून वाडगा समोर आला की लगेच तोंड घालायचं, हा आजीचा कायदा.

वाडगे आले. आणि सगळे थांबले. वडीलधाऱ्यानं चमचा उचलल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही.

"घ्या ना व्याहीबुवा," गिलसांग म्हणाला.

"छे छे, आधी तुम्ही."

"तुम्ही मोठे."

"तुम्हीच मोठे असाल. साल कोणतं?"

दोघंही कोंबड्याच्या वर्षातले, म्हणजे एकाच सालचे निघाले! टाळ्या पडल्या. पण 'तुम्ही मोठे'चा आग्रह इथंच संपला. बरोबरीचा माणूस भेटला की पुरुषाच्या अंगात काय येतं देव जाणे.

"म्हणजे कागदोपत्री हो," मुख्याध्यापक हळूच म्हणाले. "आमच्या वेळी पोर जगेलसं वाटलं की मगच नोंद करायचे. माझी वर्षभर उशिरा झाली."

"माझी दोन वर्षं," गिलसांग ताडकन म्हणाला. हे त्याला स्वतःलाही नवीनच होतं.

"आठवलं, माझीही दोनच. वर सहा महिने."

"मग माझी तीन!"

उन्सोलनं टेबलाखालून बापाच्या नडगीवर लाथ घातली. ती सूहानला लागली. सूपावर चरबीची साय धरू लागली होती.

"मेल्यांनो!" ओगराळं घेऊन आजी येऊन ठेपली. "कोंबड्याच्या वर्षातली काल जन्मलेली पोरं तुम्ही, आणि माझं सूप गार करता? गिलसांगा, तुला तरी अक्कल हवी होती!" तिनं पाचही वाडगे उचलून नेले आणि पुन्हा ओतणं-निथळणं सुरू केलं. "आता गार झालं तर पंगतीसकट हाकलून देईन!"

मुख्याध्यापकांना कुणी एवढं झापून चाळीस वर्षं लोटली असावीत. ते कानापर्यंत लाल झाले. तेवढ्यात त्यांची बायको पहिल्यांदाच बोलली.

"अहो, मामंजी नोंदणी कचेरीतच कारकून होते ना? तुमची नोंद तर दुसऱ्याच दिवशी झाली होती."

सूहान खिदळला. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. "मग मोठे तुम्हीच, दादा. घ्या."

'दादा' म्हटल्यावर गिलसांग विरघळला. एवढा सज्जन माणूस, आणि त्याला फसवून जेवायचं?

"माझीही वेळेवरच झालीय हो," तो पुटपुटला.

वाडगे वाफाळत परत आले आणि दोघांचेही हात पुन्हा मांडीवर गेले. "घ्या." "नाही, आधी तुम्ही." तिकडून आजी कंबरेवर हात ठेवून बघत होती.

उन्सोलनं बापाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. "लग्न माझंय," ती म्हणाली, आणि चमचा भरून तोंडात घातला.

गिलसांग मुख्याध्यापकांच्या तोंडाकडे बघत राहिला. सगळ्यांत धाकटी, तीही नवरीमुलगी, आणि होणाऱ्या सासऱ्यादेखत! आता लग्न मोडलं. ते लोक उठतील, कोट सावरतील, दाराबाहेर पडतील.

मुख्याध्यापकांनी मुळ्याच्या आंबट-तिखट किमचीची वाटी उचलली, तिचं तांबडं पाणी सूपात ओतलं, आणि वाडगा तोंडाला लावून भुरका मारला.

"ही सूनबाई बघ," ते बायकोला म्हणाले, "आपल्या घरी यापुढे पहिला चमचा हीच उचलेल. माझी शंभर जेवणं तरी गार झाली असतील गं आजवर."

गिलसांगला तो 'सूनबाई' शब्द पुन्हा एकदा ऐकायचा होता. पण तोंडात भात होता आणि डोळे वाहायला लागले होते. सूप फार गरम आहे, असं त्यानं सांगून पाहिलं.

"माझं सूप?" आजी काहिलीपाशी गरजली. "माझ्या सूपानं आजवर कुणाची जीभ भाजली नाही! रडायचंय तर सरळ रड की रे!"